डाव्या पायाचे परत आलेले काम

सोव्हिएत रशियातील गोर्की शहराच्या मोटार कारखान्याने १९५६ साली ‘व्होल्गा’ ही नवी गाडी काढली, तेव्हा तिला आपोआप गिअर बदलणारी पेटी द्यावयाची, असे ठरले होते. अमेरिकेत फोर्ड कंपनीच्या गाड्यांत अशी पेटी असे. तिच्याच धर्तीवर रशियन इंजिनियरांनी आपली पेटी तयार केली होती. परंतु तशा गाड्या जेमतेम काही शेच निघाल्या असतील, तोच कारखान्याला विचार बदलावा लागला. त्या पेटीला विशिष्ट जातीचे तेल लागे आणि ते दूरच्या गावी मिळत नसे. पेटी बिघडलीच तर ती उघडून पुन्हा नीट जुळविणारा कारागीर तेलाहूनही दुर्मिळ! अखेर व्होल्गाला तीन गिअरांची साधी, हाताने चालविण्याची पेटी देण्यात आली. चालकाच्या डाव्या पायाकडे क्लच दाबण्याचे जुने काम परत आले.

यंत्राचा प्रवास नेहमी कष्टाकडून सोयीकडे होतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. गिअरपेटीचा इतिहास पाहिला तर ही वाट अधूनमधून उलटीही वळलेली दिसते. जुन्या मोटारीतील स्वयंचलित पेटी काढून तिच्या जागी हातगिअरची पेटी बसविण्याचा उद्योग जगात अनेक ठिकाणी झाला आहे आणि आजही होतो. त्यामागे कोठे हौस असते, तर कोठे निव्वळ गरज.

मुळात गिअर लागतातच कशाला? पेट्रोलच्या इंजिनाला संथ फिरताना फारसा जोर नसतो. घाटाच्या चढाला भरल्या गाडीस जास्तीची बैलजोडी जुंपतात आणि माथ्यावर पोचल्यावर सोडतात. गाडी जागची हलविताना वा चढ चढताना पहिला गिअर तसेच काम करतो. पॅरिसच्या पानार-लेव्हासोर कंपनीतील एमिल लेव्हासोर याने १८९१ च्या सुमारास पुढेमागे सरकणाऱ्या दातेरी चक्रांची पेटी मोटारीत आणली. ती ओबडधोबड होती खरी, पण काम देई. पुढली सदतीस वर्षे चालकांनी त्या चक्रांची खरखर ऐकत, दोनदोनदा क्लच दाबून, दाते जुळविण्याची विद्या साधली. १९२८ साली कॅडिलॅक कंपनीने अर्ल टॉम्प्सन या इंजिनियराची ‘सिंक्रोमेश’ योजना बाजारात आणली. दाते एकमेकांत शिरण्यापूर्वीच चक्रांचे वेग सारखे करण्याची ही युक्ती होती. तिच्यामुळे नवशिक्यालाही गिअर बदलणे जमू लागले.

याच टॉम्प्सनच्या पुढाकाराने ‘हायड्रामॅटिक’ ही पेटी सिद्ध झाली आणि १९४० च्या ओल्डस्मोबिल गाडीत ५७ डॉलर जादा घेऊन बसवून मिळू लागली. तिच्यात क्लचच्या जागी तेल होते. पाती बसविलेल्या दोन वाट्या समोरासमोर ठेवाव्यात, मध्ये तेल भरावे आणि एक वाटी इंजिनाने फिरवावी. तिने भिरकावलेले तेल दुसरीच्या पात्यांवर आदळून तिलाही फिरविते. ही कल्पना जर्मन इंजिनियर हेर्मान फ्योटिंगर याची. जहाजाच्या यंत्राचा जोर पंख्याला कसा पोचवावा, या विचारात असताना १९०५ साली त्याने तिचे पेटंट घेतले होते. जहाजासाठी निघालेली युक्ती अशी पस्तीस वर्षांनी मोटारीत आली.

लगेच युद्ध आले आणि हायड्रामॅटिकची परीक्षा रणगाड्यांत झाली. अमेरिकेच्या एम-५ स्टुअर्ट या हलक्या रणगाड्यात दोन कॅडिलॅक इंजिने आणि दोन हायड्रामॅटिक पेट्या होत्या. १ नोव्हेंबर १९४८ रोजी काश्मीरमध्ये साडेअकरा हजार फूट उंचीवरील झोजी ला खिंड भारतीय सेनेने सर केली, तेव्हा सातव्या लाइट कॅव्हलरीचे याच जातीचे स्टुअर्ट रणगाडे पुढे होते. मुंबईच्या रस्त्यावर आपोआप गिअरची गाडी म्हणजे श्रीमंतांचे अप्रूप होते, त्या काळातली ही गोष्ट आहे.

या पेटीला आळशी माणसाचे खेळणे म्हणून हिणविणारे पुष्कळ होते. त्यांनी एक गोष्ट ध्यानात घेतली नाही. युद्धातून पाय गमावून परतलेल्या सैनिकांना गाडी घेता यावी म्हणून अमेरिकेच्या सरकारने १९४६ साली प्रत्येकी १६०० डॉलरपर्यंत साहाय्य देण्याचा कायदा केला. ओल्डस्मोबिलने अशा सैनिकांसाठी हायड्रामॅटिक गाडीला खास जोडण्या देण्याची योजना आखली. डावा पाय नसलेला माणूस क्लच दाबणार कसा? त्याच्या दृष्टीने ही पेटी म्हणजे घराबाहेर पडण्याची मोकळीक होती. आज कोणी जुनी गाडी हातगिअरची करून घेतो, तेव्हा अशा माणसांना ती गाडी बंद होते. ब्रिटनमध्ये तर केवळ स्वयंचलित गाडीवर परीक्षा दिलेल्याला हातगिअरची गाडी चालविण्याचा परवानाच मिळत नाही.

स्वयंचलित पेटीच्या वैभवाच्या काळातही ती किती थोड्या हातांवर अवलंबून होती, हे १२ ऑगस्ट १९५३ रोजी दिसून आले. मिशिगन राज्यातील लिव्होनिया येथील हायड्रामॅटिकचा प्रचंड कारखाना त्या दिवशी जळून खाक झाला. धातू कापणाऱ्या ज्योतीची एक ठिणगी गंज रोखणाऱ्या द्रवावर पडली, एवढेच निमित्त. अनेक गाड्यांच्या पेट्या या एकाच ठिकाणी होत होत्या. फोर्डच्या घरची लिंकन गाडीसुद्धा त्या जनरल मोटर्सकडून विकत घेई. मग कॅडिलॅकला ब्युइकची डायनाफ्लो पेटी आणि पॉन्टिअॅकला शेव्हरोलेची पॉवरग्लाइड पेटी बसवून वेळ मारून नेण्यात आली. काही आठवड्यांतच विलो रन येथील कारखान्यात नव्याने उत्पादन सुरू झाले. युद्धकाळात फोर्डने बॉम्बफेकी विमाने बांधली ती याच जागी. एका गाडीची पेटी दुसरीच्या अंगी लावण्याचे काम मोठ्या कंपन्यांनीही केले आहे, याचा हा दाखला.

परंतु पेटी बदलण्याची खरी शाळा भरली ती क्यूबात. १९५० च्या दशकात हवाना शहर अमेरिकन मोटारींनी भरून गेले होते. १९५९ च्या जानेवारीत क्रांती झाली, १९६० च्या ऑक्टोबरात अमेरिकेने निर्यातबंदी घातली आणि १९६२ च्या फेब्रुवारीत व्यापार जवळजवळ पूर्ण थांबला. गाड्या तेथेच राहिल्या, त्यांचे सुटे भाग मात्र यावयाचे बंद झाले. २०११ पर्यंत त्या देशात क्रांतीपूर्वीच्या गाड्यांचीच खरेदी-विक्री मोकळेपणी करता येई. साहजिकच जुन्या गाडीला निवृत्तीच नव्हती. बदामासारख्या गोलसर आकारामुळे ‘आल्मेंद्रोन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गाड्या टॅक्सी म्हणून राबत राहिल्या. स्वयंचलित पेटीतील रबरी पट्ट्या कडक झाल्या, घर्षणाच्या चकत्या झिजल्या, की तिला पुन्हा उभी करण्याचा मार्ग उरत नसे. मग रशियाहून आलेल्या मोटारींचे इंजिन आणि हातगिअरची पेटी शेव्हरोलेच्या पोटात जाई. त्यांत व्होल्गाही होती. गोर्कीच्या कारखान्याने तेलाच्या आणि कारागिरांच्या टंचाईपायी जी साधी पेटी पत्करली, तिनेच नेमक्या त्याच टंचाईच्या वेळी अमेरिकन गाड्यांना जगविले.

हे काम दिसते तितके सोपे नाही. एक पेटी उतरवून दुसरी चढविली की झाले, असे समजणारा मनुष्य लवकरच अडचणीत येतो. स्वयंचलित पेटीच्या पुढे इंजिनाला पातळ पोलादी तबकडी असते. क्लचला मात्र जड फ्लायव्हील लागते आणि तिचे बाहेरचे दाते स्टार्टरच्या दात्यांशी जुळावे लागतात. हातगिअरच्या पेटीचा दांडा पुढे क्रँकशाफ्टच्या टोकाशी एका लहानशा बुशात टेकतो. स्वयंचलित पेटीसाठी केलेल्या काही इंजिनांत त्या बुशाचे भोक मापात कोरलेलेच नसते. इंजिन खाली उतरवून, पेटी वर टेकवून झाल्यावर हे लक्षात आले की कारागिराने कपाळाला हात लावावा!

पुढे पायांचा प्रश्न येतो. स्वयंचलित गाडीचे ब्रेकचे पेडल रुंद असते; ते काढून अरुंद बसवावे लागते, क्लचच्या पेडलसाठी पत्र्यात भोक पाडावे लागते आणि तेथून क्लचपर्यंत दांड्यांची वा तेलाच्या नळीची जोडणी करावी लागते. नवी पेटी लांबीला कमी-जास्त असली तर तिच्याखालचा आडवा आधार सरकवावा लागतो आणि मागे जाणारा प्रोपेलर शाफ्ट कापून वा वाढवून त्याचा तोल पुन्हा साधावा लागतो. तो साधला नाही तर गाडी वेगात थरथरते. पेटीतील तेल थंड करण्यासाठी रेडिएटरकडे गेलेल्या नळ्या बंद कराव्यात, वेग दाखविणारी केबल जुळवावी, हे ओघाने आलेच.

दोन गोष्टी मात्र जिवाशी गाठ घालणाऱ्या आहेत. बहुतेक स्वयंचलित गाड्या दांडा तटस्थ स्थितीत असल्याखेरीज सुरूच होत नाहीत. बदल करताना ही विजेची अट तोडून तार नुसती जोडून दिली, तर गिअरमध्ये उभी असलेली गाडी किल्ली फिरविताच समोरच्या भिंतीवर जाते. म्हणून तेथे क्लच दाबल्यावरच चालणारा स्विच बसविणे शहाणपणाचे. दुसरे असे की, पुष्कळ स्वयंचलित पेट्यांत गाडी उभी करताना चाके अडविणारा एक खटका असतो. तो गेल्यावर उताराची गाडी सर्वस्वी हँडब्रेकवर राहते, आणि जुन्या गाडीचा हँडब्रेक बहुधा कित्येक वर्षे कोणी तपासलेला नसतो.

चार गिअरांच्या हायड्रामॅटिकचा पहिला गिअर चांगला खालचा, ३.८२ प्रमाणाचा होता; त्याच्या भरवशावर मागच्या धुरीचे प्रमाण वेगाला सोयीचे ठेवलेले असे. अशा गाडीत तीन गिअरांची हातपेटी बसविली आणि धुरी तशीच ठेवली, तर गाडी जागची हलताना कुरकुरते, चालक क्लच अर्धवट दाबून धरतो आणि क्लच जळतो. मग दोष नव्या पेटीला दिला जातो.

भारतात या उद्योगाला मर्यादित वाव मिळाला. जनरल मोटर्सचा मुंबईतील जुळणीचा कारखाना १९२८ पासून चालू होता. देशात प्रत्यक्ष निर्मिती करणाऱ्यांनाच वाव देण्याचे सरकारी धोरण १९५३ साली ठरले आणि पुढल्या वर्षी तो बंद झाला. पुढली कित्येक वर्षे देशात होणाऱ्या अॅम्बॅसेडर आणि फियाट गाड्या हातगिअरच्याच होत्या. येथील मेकॅनिकांच्या दोन पिढ्यांचे हात त्यांच्यावरच बसले. स्वयंचलित पेटी उघडण्याचा प्रसंग त्यांना क्वचितच आला. आज तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम निर्मात्याने ठरविलेल्या स्वरूपात फेरफार करण्यावर बंधने घालते, तेव्हा हत्यार हाती घेण्यापूर्वी नोंदणी कार्यालयात चौकशी केलेली बरी.

जुन्या गाड्यांचे संग्राहक अशा बदलाकडे नाक मुरडून पाहतात. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही: १९५३ ची डायनाफ्लो बसविलेली कॅडिलॅक ही लिव्होनियाच्या आगीची चालतीबोलती साक्ष आहे, आणि ती पेटी काढून टाकली तर ती साक्षही नाहीशी होते. पण सुटा भाग मिळत नाही म्हणून गाडी अंगणात गंजू देणे हेही जतन नव्हे. जाणते कारागीर यात मधला मार्ग काढतात. चासीचा मूळ पत्रा शक्य तो कापीत नाहीत, नवे आधार बोल्टने बसवितात, आणि उतरविलेली पेटी तिच्या तेलासह तोंडे बंद करून, जुनी तबकडी, रुंद पेडल आणि नळ्या यांसह एका खोक्यात नावनिशी लिहून ठेवतात. गाडी विकली जाते तेव्हा ते खोकेही नव्या मालकाच्या स्वाधीन होते.