त्रिरश्मीवरील ओवरक आणि वर्षावासाचा हिशेब

डोंगरांत कोरलेलीं लेणीं पाहिलीं म्हणजे तेथील भिक्षूंनीं लोकव्यवहाराशीं सर्व संबंध तोडला होता, असा समज सहज होतो. नाशिकजवळील त्रिरश्मि पर्वतावर, पांडवलेणीं या नांवानें प्रसिद्ध असलेल्या समूहांत, दहाव्या लेण्याचे लेख या समजास बाध आणितात.

क्षत्रप नहपानाचा जामात उषवदात यानें हें लेणें चातुर्दिश संघास अर्पण केलें. वर्ष ४२ च्या वैशाखाचा निर्देश असलेल्या लेखांत त्यानें ३००० कार्षापणांची अक्षयनीवी नेमून दिली आहे. ही रक्कम गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेविली: एकीकडे २०००, शेंकडा एक प्रतिक वृद्धीनें, दुसरीकडे १०००, पाऊण प्रतिक वृद्धीनें. मूळ धनास हात लावावयाचा नाहीं, केवळ वृद्धीचा उपभोग घ्यावयाचा, असा निर्बंध आहे. हें दान निगमसभेंत ऐकविलें जाऊन फलकावर नोंदलें गेलें.

आतां हिशेब पाहूं. या लेण्यांत वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंस प्रत्येकीं बारा कार्षापण चीवरासाठीं द्यावे, असें लेख सांगतो; म्हणजे एकूण २४०. वृद्धीचा दर दरमहाचा व प्रतिक म्हणजे एक कार्षापण असें धरिलें, तर २००० वर वर्षाची वृद्धि बरोबर २४० येते. दरमहा हा शब्द लेखांत नाहीं. तो या गणितानें सिद्ध होतो. यावरून भिक्षूचें वस्त्र नगरांतील मागावर अवलंबून होतें, हें उघड आहे.

मग विविक्तवासाचा अर्थ काय? विनयग्रंथांत वर्षावासाची मुदत तीन मासांची आहे. पावसाळ्यांत फिरणारे श्रमण हिरवें तृण व क्षुद्र जीव तुडवितात, या लोकापवादावरून हा नियम झाला, असें तेथें सांगितलें आहे. आवश्यक कार्यासाठीं सात दिवसांपर्यंत बाहेर जाण्यास मुभा होती. शेवटीं प्रवारणेच्या दिवशीं प्रत्येकानें, आपला दोष कोणीं पाहिला, ऐकला वा शंकिला असल्यास सांगावा, अशी सोबत्यांस विनंती करावयाची. सारांश, हा एकांत कालानें बद्ध, संघाच्या साक्षीनें चालणारा व नगराच्या विश्वासावर उभा असा होता. त्यांत त्याग खरा होता. परंतु तो संबंधांचा नसून स्वामित्वाचा होता. मूळ धन श्रेणीकडे राही. भिक्षूच्या वांट्यास वस्त्रापुरतें येई.

याच लेण्याच्या ओसरींत उषवदाताची पत्नी दक्षमित्रा हिनें दिलेल्या खोल्या आहेत. तेथील लेखांत खोलीस ओवरक म्हटलें आहे. संस्कृत अपवरक, म्हणजे घराचें आंतलें दालन, त्याचेंच हें प्राकृत रूप. आणि देवळाच्या आवारांतील आपली ओवरी त्याच कुळांतली. यात्रेकरूनें उतरावें, पुराणिकानें पोथी सोडावी, अनुष्ठान करणाऱ्यानें मौन धरावें, हें सर्व एकाच ओवरींत चालत आलें आहे. अरण्यवाचक शब्द सोडून गृहवाचक शब्द या खोलीस मिळाला, यांतच तिचें मर्म आहे. जुन्या दानपत्रांत वा देवस्थानच्या कागदांत ओवरीचा उल्लेख आढळल्यास संग्राहकांनीं तिच्या खर्चाची तरतूदही अवश्य टिपून ठेवावी. एकांताचा अर्थ पुष्कळदां त्या आंकड्यांतच सांपडतो.