दाताचा मगज आणि सरकारी मोबदला : ब्रिटनमधील मूलनलिका-चिकित्सेचा एक अध्याय

दंतवैद्यकाचा इतिहास बहुधा उपकरणांच्या क्रमाने सांगितला जातो. अमेरिकेत १८३८ च्या सुमारास एडवर्ड मेनर्डने घड्याळाच्या कमानीपासून दातातील मगज काढण्याची सुई घडविली, १८६४ मध्ये सॅनफर्ड बार्नमने लाळ अडविणारा रबरी पडदा योजिला, इत्यादी. परंतु मगज नासलेला दात राखावयाचा की उपटावयाचा, हा निर्णय केवळ उपकरणांनी झालेला नाही. ब्रिटनचे उदाहरण या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे.

१९१० मध्ये लंडनचे वैद्य विल्यम हंटर यांनी माँट्रियलच्या मॅगिल विद्यापीठात व्याख्यान दिले. सोन्याच्या टोप्यांखाली साचलेला पू सर्व शरीरास बाधतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांचा रोख मुख्यतः गलिच्छ कामावर होता; पण पुढील मंडळींनी मगज नसलेला दात म्हणजे रोगाचे घर, असे समीकरणच मांडले व संधिवातादी व्याधींसाठी असंख्य दात उपटले गेले. हे मत ओसरल्यावर अमेरिकेत १९४३ मध्ये मूलनलिका-चिकित्सकांची संघटना निघाली आणि १९६३ मध्ये या शाखेस विशेषशाखा म्हणून मान्यता मिळाली. ब्रिटनमध्ये विशेषज्ञांची अधिकृत सूची तयार होण्यास विसाव्या शतकाची अखेर उजाडली.

दरम्यान ५ जुलै १९४८ रोजी तेथे राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. प्रथम रीघ लागली ती कवळ्यांसाठी. खर्च आवरेना, म्हणून १९५१ मध्ये कवळ्यांवर व १९५२ मध्ये दंतोपचारांवर शुल्क बसविण्यात आले. १९६८ च्या पाहणीत इंग्लंड व वेल्समधील शेकडा ३७ प्रौढांच्या मुखात स्वतःचा एकही दात आढळला नाही. अशा समाजात मूलनलिकेची चिंता वाहणारे थोडेच असणार!

पुढे लोक दात राखू लागले आणि खरा पेच उत्पन्न झाला. २००६ च्या करारान्वये दंतवैद्याचा मोबदला कामाच्या ‘एककां’वर ठरू लागला. एक दात भरणे, अनेक भरणे, दात उपटणे, किंवा तीन-चार नलिका असलेली दाढ तासभर खपून साफ करणे, या सर्वांस सारखीच तीन एकके. रुग्णाचे शुल्कही एकच. म्हणजे दाढ वाचविणे रुग्णास स्वस्त आणि वैद्यास महाग झाले. संसदेच्या आरोग्य समितीने २००८ मध्ये नोंदविले की, २००४ पासून मूलनलिका-चिकित्सांची संख्या शेकडा ४५ ने घटली होती. एवढ्या अवकाशात इंग्रजांच्या दाढा इतक्या सुधारल्या असतील, हे संभवत नाही.

सूक्ष्मदर्शक घेऊन बसणारा विशेषज्ञ बहुधा खासगी दवाखान्यातच भेटतो, व तेथे वेळेचा हिशेब रुग्णाच्या खिशातून होतो. सार्वजनिक रुग्णालये निवडक, अवघड रुग्णच स्वीकारतात. इंग्लंडमध्ये नोव्हेंबर २०२२ पासून दाढेच्या मूलनलिका-चिकित्सेस सात एकके देण्यात आली. एखादी दाढ उपटण्यास पूर्ववत तीनच राहिली.