गुन्ह्यांचा इतिहास वाचनालयातच वाचावा

गावच्या वाचनालयाने खुनांच्या हकिकती कशाला वाचायच्या? जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीसारख्या गावात असे वाचनमंडळ काढायचे म्हटले, की दोन आक्षेप येतात. अशा वाचनाने मन बिघडते आणि ज्यांचे माणूस गेले त्यांच्या जखमा उकरल्या जातात. दोन्ही आक्षेप कळकळीचे आहेत. पण आपण वाचले नाही तर हकिकत विरून जाईल, हे त्यांतले गृहीतक चुकीचे आहे.

शेजारच्या परभणी जिल्ह्यातले मानवत प्रकरण पाहा. नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या काळात, ऐन दुष्काळात सुरू होऊन, तिथे लहान मुलींचे आणि बायकांचे एकामागून एक खून झाले. गुप्तधन मिळावे, मूल व्हावे म्हणून पिंपळावरच्या मुंजाला हे बळी दिले, असे सरकार पक्षाचे म्हणणे होते. ही कहाणी पारावर आजही सांगितली जाते. २०२४ साली तिच्यावर वेबमालिकाही आली. म्हणजे मौन कधी नव्हतेच.

पारावरची कहाणी ‘सूत्रधारां’च्या नावांपाशी थांबते. सर्वोच्च न्यायालयाचा १९७७ चा ‘दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा निकाल वाचला, की चित्र बदलते. ज्या दोघांना सूत्रधार म्हटले गेले, ते अखेर निर्दोष सुटले. माफीचा साक्षीदार स्वतःच गुन्ह्यातला भागीदार असतो. म्हणून त्याच्या शब्दाला स्वतंत्र पुराव्याची जोड हवी, हे तत्त्व न्यायालयाने तिथे काटेकोरपणे लावले. तपास अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांचे लेखन आणि हा निकाल शेजारी ठेवून वाचणाऱ्याचे मन बिघडत नाही. संशय आणि सिद्धता यांतले अंतर त्याला कळते. नरबळी आणि जादूटोण्याविरुद्ध २०१३ चा कायदा का लागला, हेही उमगते.

जखमांचा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्यासाठी पथ्य पाळावे: मृतांची विटंबना होईल असे तपशील चघळू नयेत, नातेवाइकांची नावे घेऊ नयेत. पण पथ्य म्हणजे बंदी नव्हे.

मराठा आरक्षणाच्या आंदोलनावरचा १ सप्टेंबर २०२३ चा पोलिसी लाठीमार सोसलेल्या अंतरवाली सराटीने तर एका दिवसाच्या अनेक हकिकती ऐकल्या आहेत. त्यांतली खरी कोणती, हे कागद आणि साक्षी तपासून ठरवण्याची सवय वाचनालयाने लावायची नाही, तर कोणी लावायची?