‘-आयटिस’ या प्रत्ययाविषयी

* ‘-आयटिस’ : मूळ लेखाच्या लेखकाने या प्रत्ययाचा अर्थ सरसकट ‘दाह’ असा धरला आहे. आजच्या वैद्यकापुरते ते ठीक, पण प्राचीन ग्रीकमध्ये हा केवळ ‘अमक्याचा, अमक्याशी संबंधित’ असे सांगणारा स्त्रीलिंगी विशेषणप्रत्यय होता. रोग या अर्थाचा ‘नोसोस’ हा शब्द ग्रीकमध्ये स्त्रीलिंगी. त्यामुळे ‘आर्थ्रीतिस नोसोस’ म्हणजे सांध्यांचा रोग. पुढे नाम गळाले, विशेषण उरले. लिंग मात्र टिकले : फ्रेंच ‘ब्राँशित’, इटालियन ‘ब्राँकिते’, जर्मन ‘ब्राँखिटिस’ ही सारी आजही स्त्रीलिंगीच. दाहाचा अर्थ अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत रूढ झाला. त्याआधीच्या अर्थाचा पुरावा हवा असेल तर फ्रान्सिस ग्लिसन या इंग्रज वैद्याचा १६५०चा लॅटिन ग्रंथ पाहावा. मुडदूस या रोगाला त्याने ‘रॅकायटिस’ म्हटले, म्हणजे कण्याचा रोग; दाहाचा तिथे संबंधच नाही. जर्मनमध्ये हे नाव अजून चालते. याउलट बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झने १८८६मध्ये ‘अपेंडिसायटिस’ हे नाव रूढ केले, तेव्हा दाह हाच अर्थ अभिप्रेत होता. त्यात धड लॅटिन आणि शेपूट ग्रीक, म्हणून भाषाशुद्धीवाद्यांनी नाके मुरडली. शस्त्रक्रिया करणाऱ्यांना त्याचे सोयरसुतक नव्हते. आता तर फ्रेंच माणूस बैठकांच्या सोसालाही ‘रेयुनियोनित’ म्हणतो. हा अर्थविस्तार लेखकाच्या विवेचनात येत नाही. — संपादक