कॅन्सरच्या वेदना आणि मॉर्फिन: थोडा इतिहास

गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर २०१९ मध्ये स्वादुपिंडाच्या कॅन्सरने गेले, तेव्हापासून या आजाराचे नाव बीडमध्येही लोकांना माहीत झाले. हा आजार बहुतेकदा उशिरा कळतो. त्यातून आपल्याकडे कावीळ दिसली की आधी गावठी औषध, आणि महिना त्यातच जातो. मग आजार बरा करणे अनेकदा हातात राहत नाही. वेदना कमी करणे मात्र शेवटपर्यंत हातात असते.

या आजारात पोट आणि पाठ दुखते. उताणे झोपले की जास्त, पुढे वाकून बसले की थोडे कमी. रुग्ण पोटाशी उशी धरून रात्र काढतो. इथे साध्या गोळ्या पुरत नाहीत, मॉर्फिन लागते. मॉर्फिन अफूपासून बनते आणि अफू मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने पिकते. म्हणजे माल आपलाच, तरी आपल्याच रुग्णाला मिळत नव्हता!

त्याचे कारण १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा. किमान दहा वर्षांच्या कैदेची भीती आणि परवान्यांची किचकट कागदपत्रे, यामुळे दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. १९९७ पर्यंत देशातला वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घटला. कायदा नशेबाजीसाठी होता, भोगले कॅन्सरच्या रुग्णांनी. माझ्या पिढीने मॉर्फिन पुस्तकात वाचले, रुग्णाला देताना क्वचितच पाहिले. आजही काही डॉक्टर ते लिहायला कचरतात, त्याचे मूळ इथे आहे.

गंमत म्हणजे १९८६ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने कॅन्सरच्या वेदनांसाठी पायरीपायरीने औषधे देण्याची पद्धत सांगितली, आणि त्याच वर्षी मुंबईत वांद्रे येथे डॉ. एल. जे. डिसोझा यांनी शांती आवेदना सदन हे देशातले पहिले हॉस्पिस सुरू केले. पुण्यात वारज्याला सिप्लाचे केंद्र १९९७ मध्ये आले. २०१४ मध्ये कायदा बदलला आणि मान्यताप्राप्त रुग्णालयांसाठी परवाना सोपा झाला.

कायदा बदलला, घरातली भीती नाही. "सवय लागेल", "मॉर्फिन म्हणजे शेवट आला" असे नातेवाईक म्हणतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेसाठी घेतले तर व्यसनाची शक्यता कमी असते. बद्धकोष्ठता मात्र बहुतेकांना होते, म्हणून पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून घ्या. शिवाय पाठीकडची नस बधिर करण्याचे इंजेक्शन, काविळीची खाज थांबवण्यासाठी पित्तनलिकेत स्टेंट, जेवणासोबत पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल, हेही उपाय आहेत. निदान झाल्याबरोबर विचारा, शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नका.

अंबाजोगाईचे वैद्यकीय महाविद्यालय असो की छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय, तिथे "पॅलिएटिव्ह केअर" याच नावाने चौकशी करा. आणि गोळी सुरू झाली की दुखू लागण्याची वाट न पाहता घड्याळ लावून द्या, डॉक्टरांनी सांगितले असेल तर रात्री उठवूनसुद्धा.