जैनाबादची हिराबाई

आमच्या बऱ्हाणपुरात राजघाटावर उभं राहिलं की तापीपलीकडे जैनाबाद. लग्न होऊन आले तेव्हा नावावरून मला वाटलं, आपल्या जैनांचीच वस्ती असणार! सासूबाई हसल्या होत्या. ते गाव शेख जैनुद्दीन यांच्या नावाचं, फारुकी सुलतानांच्या काळातलं. तिथल्याच आहुखान्यात, म्हणजे हरणं पाळलेल्या बागेत, 1631 साली मुमताजमहलला तात्पुरतं दफन केलं होतं. ते सगळ्यांना ठाऊक. हिराबाई मात्र फारशी कुणाला ठाऊक नाही.

ती गाणारी होती. पण मालकीची, औरंगजेबाच्या मावशीच्या घरातली दासी. 1653 साली दख्खनचा सुभेदार म्हणून तो बऱ्हाणपुरात आला, तेव्हा पस्तिशीचा. ‘अहकाम-इ-आलमगिरी’त असं आहे, की झाडाची फांदी धरून ती हळू आवाजात गात होती, आणि ऐकता-बघता शहजादा खाली बसला, मग बेशुद्धच पडला. मावशी अनवाणी धावत आली. ‘मासिर-उल-उमरा’ आंब्याची गोष्ट सांगते: शहजादा समोर असूनही हिनं उडी मारून आंबा तोडला. मला तर ही उडीच आवडते. दासी असून एवढी बेफिकीर!

पुढे काय झालं? अदलाबदल. औरंगजेबाच्या जनान्यातली छत्तरबाई तिकडे गेली आणि हिराबाई इकडे आली. भांड्यावर भांडं घ्यावं तसं. छत्तरबाईला कुणी विचारलं का, हे मी अजून शोधतेय. हिराबाईनं म्हणे एकदा त्याच्या हातात दारूचा पेला दिला. तो ओठाला लावणार, तोच तिनं काढून घेतला. फक्त परीक्षा बघायची होती! एवढी तिची हुकमत. पण ती ऐन तारुण्यात गेली. औरंगाबादेत तिला दफन केलं.

तिच्या मृत्यूनंतर त्याला किती दुःख झालं, शिकारीला गेला तेव्हा कुणाशी काय बोलला, सगळं लिहून ठेवलंय. पुढे बादशहा झाल्यावर त्यानं दरबारातलं गाणं बंद केलं, त्याचीही चर्चा होते. ती त्या दिवशी काय गात होती, कुठला राग, कुठली बोली, कोणाकडून शिकली, ते मात्र कुणी टिपलं नाही. ‘जैनाबादी’ हे तिचं नावसुद्धा गावावरून पडलेलं.

वैशाखात नातीला घेऊन आहुखान्यात गेले होते. मी तिला आंब्याची उडी सांगितली. ती म्हणाली, “आजी, मग तिनं तो आंबा खाल्ला का?”