चालेल आणि चालशे

आमच्या वडोदऱ्यात, दांडिया बाजाराच्या बाजूला, मराठी आणि गुजराती पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहतात. एकदा नातवाला विचारले, 'चहा जरा कोमट झालाय, चालेल का रे?' तो म्हणाला, 'चालशे!' मी रागावलो. अठराव्या शतकात गायकवाडांच्या पाठोपाठ इकडे आलेली भाषा माझ्याच घरात संपते की काय, असे वाटले.

राग ओसरल्यावर शब्दाचा माग काढला. संस्कृत 'चल्' म्हणजे हलणे. प्राकृतात त्याचे 'चल्लइ' झाले. पुढे जोडाक्षर सुटले, त्याच्या भरपाईला आधीचा स्वर लांबला. मराठीत 'चालणे' झाले, गुजरातीत 'चालवुं'. हिंदीत मात्र 'चलना' ऱ्हस्वच राहिले. आपला 'च' 'चांदण्या'तला, त्यांचा 'चंद्रा'तला, एवढाच काय तो फरक.

लॅटिनच्या लेकींचेही असेच आहे. लॅटिन 'अंबुलारे' म्हणजे चालणे. रुमानियनमध्ये तेच 'उंब्ला' होऊन आजही चालते, आणि फ्रेंचांच्या फिरत्या इस्पितळाच्या नावातून ते अँब्युलन्स होऊन आपल्या दारीही आले. फ्रेंच माणूस 'मी जातो'ला 'व्हे', 'आम्ही जातो'ला 'आलों' आणि 'मी जाईन'ला 'इरे' म्हणतो. एका क्रियापदात निरनिराळे धातू! 'आलों'चे मूळ पुष्कळजण 'अंबुलारे'तच शोधतात, पण पंडितांचे एकमत नाही. हसण्याचे कारण नाही. आपलेही 'जातो' 'या' धातूचे, तर 'गेला' 'गम्'चा. गुजरातीतही 'जाय' आणि 'गयो'. इटालियन माणूस होकार देताना 'व्हा बेने', म्हणजे 'बरे जाते', म्हणतो. आपल्या 'चालेल'चाच तो दूरचा भाऊ!

सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९३१ साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा कोश निघाला. राज्यकारभाराच्या इंग्रजी शब्दांसमोर त्यात गुजराती, मराठी, संस्कृत, फारसी वगैरे भाषांतले शब्द शेजारी शेजारी मांडले आहेत. राजा मराठी, प्रजा बहुतांशी गुजराती. पण एका रकान्यासाठी दुसरा पुसला नाही.

सीमेवरच्या वाचकांना याहून अधिक सांगायला नको. 'चालशे' म्हणजे बाट नव्हे, ती सख्खी बहीण आहे. पण बहीण घरी आली म्हणून आपल्या माणसाने घर सोडायचे नसते. नातू आता गल्लीत 'चालशे' म्हणतो, माझ्यापाशी 'चालेल'. मला एवढे चालेल.